पडद्यामागची हवा

आमच्या बाबांनी आयुष्यात एकवीस भांडणं मिटवली आणि एक जिवापाड सांभाळलं. मिटवलेल्या भांडणांची यादी चर्चच्या मंडळीतलं कुणीही तोंडपाठ सांगेल. सांभाळलेलं भांडण आमच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहत होतं. ते म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, माझे काका.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. रस्त्याला लागून दोन माणसं जेमतेम बसतील एवढं दुकान, पुढे काच, काचेमागे बाबा आणि बाबांच्या एका डोळ्याला भिंग. सहा दिवस दुकान, सातव्या दिवशी चर्चचा ऑर्गन. शिवाय ते चर्चच्या पंच कमिटीवर होते आणि तिथे त्यांच्याकडे शांतीचं खातं होतं. हे खातं त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, त्यांनी ते आपण होऊन घेतलं होतं.

मंडळीत कुणाचं कुणाशी वाजलं की बाबा दुकान बंद करून थेट त्या घरी जात. चपला बाहेर काढत, एक खुर्ची ओढून बरोबर दारात मांडत, म्हणजे कुणाला सटकता येऊ नये, आणि बसत. भांडणाचं कारण विचारायचे नाहीत, उपदेश तर अजिबात नाही. एवढंच म्हणायचे, "तुमचं चालू द्या. मी बसलोय." मग चहा यायचा. मग दुसरा चहा यायचा. घरातली माणसं एकमेकांकडे बघत, भिंतीकडे बघत, आणि बाबा प्रसन्न चेहऱ्यानं बसलेले. एवढ्यानं भागलं नाही तर म्हणत, "प्रार्थना करू या का?" इथे भल्याभल्यांना घाम फुटे. बाबांची प्रार्थना जगाच्या उत्पत्तीपासून सुरू व्हायची आणि बायबलातल्या पहिल्या दोन भावांच्या भांडणापर्यंत पोहोचायलाच तिला वीस मिनिटं लागायची. तिथे बाबांचा गळा भरून येई. भावाभावांनी असं वागावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

इस्त्रीवाल्या मावशी आणि त्यांचे यजमान यांनी एकदा घराच्या मधोमध चादर बांधून संसाराची वाटणी केली होती. बाबा तिथे ओळीनं तीन संध्याकाळी बसले. तिसऱ्या दिवशी यजमान चादर ओढून काढत म्हणाले, "मी हिच्याशी जन्मभर गोड बोलतो, पण आधी यांना उठवा." बाबांनी हात जोडून देवाचे आभार मानले. देव कोणाचा कसा उपयोग करून घेईल सांगता येत नाही, असं ते घरी येऊन म्हणाले. आई म्हणाली, "खरंय. वरच्या मजल्यावर कधी पाठवतोय बघू."

बाबांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं.

आता काकांचं सांगते. काका बेकरीत कामाला. पहाटे भट्टीवर जायचं, पीठ मळून मळून त्यांचे दंड असे झाले होते की सदऱ्याच्या बाह्या शिंप्याला वेगळ्या मापानं शिवाव्या लागत. लग्न केलं नाही. आजीबरोबर वरच्या खोलीत राहायचे, आजी गेल्यावर एकटे राहिले. दर रविवारी सकाळी ते बेकरीतून येताना गरम पाव आणून आमच्या जिन्याच्या कठड्यावर ठेवून वर जात. आम्ही तो खायचो. बाबा पाव मोडण्याआधी डोळे मिटून, मान वर करून म्हणत, "हे अन्न देणाऱ्या, तुझे आभार." आमच्या छताच्या वर काकांचीच खोली होती, त्यामुळे आभार गेले असतील तर जवळून गेले असतील.

चर्चचा ऑर्गन जुना होता. तो नुसता पट्ट्या दाबून वाजत नसे. त्याला भात्यानं हवा लागे, आणि त्यासाठी मागे, पडद्याआड, एक लाकडी दांडा होता. कुणीतरी तो सतत वर-खाली करत राहायचा. बाबा पंधरा वर्षांचे असताना ऑर्गनवर बसले आणि काका बारा वर्षांचे असताना पडद्यामागे उभे राहिले, ते तसेच. दोघांमध्ये एक ठरलेली खूण होती. गीत सुरू करण्याआधी बाबा टाच एकदा लाकडावर आपटत, म्हणजे "तयार का?" पडद्यामागून दांड्याच्या चौकटीवर एक टकटक येई, म्हणजे "तयार." मगच बाबा पट्ट्यांवर बोटं ठेवत. लहानपणी लागलेली सवय होती ती, आणि भांडणाच्या अकरा वर्षांत दोघे एकमेकांशी जे काही बोलले, ते एवढंच.

भांडण आजीच्या मयताच्या दिवशी झालं. आजीचं आवडतं गीत लावलं होतं. बाबा वाजवत होते, मंडळी गात होती, आणि शेवटच्या कडव्याच्या मध्यावर ऑर्गनचा आवाज खाली खाली गेला आणि बंद पडला. हवाच नाही. लोक थोडा वेळ तसेच गायले, मग तेही थांबले. बाबा ऑर्गनपाशी उभे राहून, भर मंडळीत, काकांना म्हणाले, "आईला पोहोचवतानाही तुला झोप आवरली नाही?" बेकरीवाला माणूस, पहाटेपासून उठलेला, सगळ्यांना ते पटलं. काका काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. तोंडात गुळणी धरून बसले, आणि बाबांना वाटलं, चूक कबूल करायची लाज वाटतेय.

त्यानंतर आमच्या घरात जी शांतता नांदली ती बघायला लोक यायचे. चर्चचे पाळकसाहेब तर उपदेशात उदाहरण द्यायचे, दोन भाऊ, एक छप्पर, अकरा वर्षांत एक चढा शब्द नाही. बाबा मान खाली घालून विनयानं ऐकायचे. मी एकदा विचारलं, "बाबा, काकांशी तुमचं भांडण आहे ना?" तर म्हणाले, "भांडण? तू कधी आवाज ऐकलास?" ज्या घरात जीभच उचलत नाहीत तिथे आवाज कुठून येणार?

निरोपांचं काम आईकडे होतं. "तुझ्या दिराला सांग, टाकी भरली." दीर समोरच्या पायरीवर बसलेले असत. आई मान वळवून म्हणे, "भाऊजी, टाकी भरली." काका म्हणत, "वहिनी, त्याला सांगा, नळ बंद केलाय." आई परत मान वळवी. अकरा वर्षं मान वळवून तिला मानेचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? ती म्हणाली, टपाल वाटते.

आणि मग मोटर आली. एका दानशूर कुटुंबानं ऑर्गनसाठी विजेची मोटर भेट दिली. बटण दाबलं की भात्यात हवा, दांड्याची गरज नाही, माणसाची तर नाहीच. पाळकसाहेबांनी घोषणा केली तेव्हा टाळ्या पडल्या. काकांचेही आभार मानले, उभं राहायला सांगितलं, मग बसायला सांगितलं. पस्तीस वर्षांचं काम एका उठबशीत निकालात निघालं.

त्याच आठवड्यात काका जिन्यात आईला म्हणाले, "वहिनी, मालकांनी लांबच्या शहरात नवी बेकरी काढलीय. तिथली भट्टी सांभाळायला चल म्हणतात. चार वर्षं मागे लागलेत."

"मग इतके दिवस का नाही गेलात?"

"रविवारी हवा कोण भरणार होतं?" काका म्हणाले. "आता प्रश्न नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी निघतो."

बाबा आत वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नाही. मग आतून आवाज आला, "चांगलं आहे म्हणावं. माणसानं प्रगती करावी. सांग त्यांना."

आईनं हातातलं फडकं जिन्याच्या कठड्यावर आपटलं. "नाही सांगणार. अकरा वर्षं वाहिलं तुमचं टपाल, आजपासून बंद. ज्याला जे सांगायचं ते त्यानं आपल्या तोंडानं सांगावं. नाही जमत तर गप्प राहा, ते तर तुम्हाला छान जमतं."

आईचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. काका हळूच वर गेले. बाबा हळूच वर्तमानपत्राआड गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात खरोखरची शांतता झाली. टाकी दोनदा भरून वाहिली, पण कुणी ब्र काढला नाही.

मोटरचा पहिला रविवार मला अजून आठवतो. मी गायकवृंदात, ऑर्गनच्या अगदी जवळ. मोटर घुं करून चालू झाली, मंडळी पुस्तकं उघडून उभी राहिली, आणि बाबांनी सवयीनं टाच आपटली. आणि थांबले. पाळकसाहेब खाकरले. बाबा पडद्याकडे कान देऊन बसलेले. पडद्यामागे कुणीच नव्हतं. काका शेवटच्या बाकावर, दाराजवळ, मोकळे हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी बाबांनी वाजवायला सुरुवात केली. प्रत्येक गीताच्या आधी हेच, टाच, थांबणं, पाळकसाहेबांचं खाकरणं. वाजवलंही बेतालच. तेव्हा आम्हाला कळलं की चढाच्या ओळीला जास्त हवा कुठे द्यायची, बाबा दमले की गीत जरा कुठे सैल सोडायचं, हे सगळं इतकी वर्षं पडद्यामागचा माणूस सांभाळत होता. मोटरला त्यातलं काही येत नव्हतं, ती आपली एकसारखी घुं करत होती.

घरी जेवताना बाबांनी टेबलाखाली टाच आपटली. त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आईनं फक्त वर बघितलं. वरच्या खोलीत ट्रंक ओढल्याचा आवाज येत होता.

तीन रविवार असे गेले. चौथा रविवार काकांचा शेवटचा, आणि योगायोग बघा, त्याच रविवारी पंच कमिटीनं बाबांचा सत्कार ठेवला होता. विषयच होता, सर्वांबरोबर शांतीनं राहणं. चौकटीतलं मानपत्र तयार होतं, त्यावर बाबांना शांतिदूत म्हटलं होतं. बाबांनी भाषण लिहून काढलं होतं. भावाबद्दल मनात काही असेल तर देवाला अर्पण नंतर दे, आधी उठून भावाकडे जा, ही येशूची शिकवण ते भाषणात तीनदा सांगणार होते. मी शुद्धलेखन तपासलं होतं म्हणून मला माहीत. तपासताना मला इतका राग आला होता की पेन्सिलीचं टोक मोडलं.

शनिवारी संध्याकाळी बाबा ऑर्गनच्या पट्ट्या पुसून येतो म्हणून चर्चला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. सदऱ्याच्या खिशाचं बटण लावलेलं होतं. बाबा कधी खिशाचं बटण लावत नाहीत.

रविवारी उपासना सुरू झाली. बटण दाबलं, मोटर गप्प. परत दाबलं, गप्पच. दिवे चालू, पंखे चालू. मंडळीतल्या वायरमननं मागे डोकं घालून पाहिलं आणि ओरडला, "फ्यूजच नाहीये इथे!" कुजबुज झाली. व्यायामशाळेत शिकवणारा एक जण बाह्या सरसावत पडद्यामागे गेला आणि दांडा असा काही हाणू लागला की ऑर्गन किंचाळलाच. लोकांनी कानांवर हात ठेवले. त्याला समजावून बाहेर आणलं.

मग सगळ्यांच्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. काका तसेच बसून राहिले.

"या ना तुम्ही," पाळकसाहेब म्हणाले.

"मला ज्यानं बोलवायचं त्यानं बोलावलेलं नाही," काका म्हणाले. अकरा वर्षांत भर मंडळीत काढलेला हा त्यांचा पहिला शब्द.

पाळकसाहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पाळकसाहेब, जरा सांगता का त्यांना..."

एवढ्यात इस्त्रीवाल्या मावशी खाली बसल्या. सगळी मंडळी गीतासाठी उभी होती, आणि मावशी हाताची घडी घालून बाकावर बसल्या. "तुमचं चालू द्या," त्या बाबांना म्हणाल्या. "आम्ही बसलोय."

त्यांचे यजमान बाकाबाहेर आले, एक खुर्ची ओढून बरोबर दारात मांडली आणि तिच्यावर बसले. मग बाबांनी मिटवलेल्या भांडणांतली बाकीची माणसं बसली. मग सगळेच बसले. कुणी हसत नव्हतं. बाबा एकटेच उभे, मानपत्राच्या टेबलाशेजारी.

"आणि लवकर उरका," मावशी म्हणाल्या, "नाहीतर मी प्रार्थना सुरू करीन. अगदी उत्पत्तीपासून."

बाबा निघाले. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फार तर तीस पावलं असतील. मी त्यांच्या प्रत्येक पावलाला देवाला म्हणत होते, यांना परत फिरू देऊ नको. उद्या ती ट्रंक गेली की संपलं. या दोघांना एकमेकांवाचून मरताना मला बघायचं नव्हतं.

बाबा काकांसमोर जाऊन उभे राहिले. "चल," म्हणाले.

"मोटर आहे ना तुझी," काका म्हणाले.

"बंद आहे."

"मग दुरुस्त कर. यंत्रं तुलाच कळतात."

बाबांनी खिशाचं बटण काढलं. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी बाहेर काढली आणि बाकावर ठेवली. "माझ्याच खिशात आहे," ते म्हणाले.

काकांनी फ्यूजकडे पाहिलं, मग बाबांकडे. "चोरी केलीस?"

"हो."

"चर्चमध्ये?"

"हो रे बाबा, चर्चमध्ये."

"पंच असून?"

"किती वेळा विचारशील!" बाबांचा आवाज फाटला. "टाच मारतो आणि पलीकडून कुणी वाजवत नाही. मला नाही सहन होत. तू जाऊ नकोस."

काकांनी फ्यूज बोटानं बाजूला सरकवला. मग म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी झोपलो नव्हतो."

"मग?"

"रडत होतो. दोन्ही हात तोंडावर धरले होते, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. दांडा कशानं धरणार?"

बाबा मटकन बाकावर बसले. "मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस का?" काका म्हणाले. "एकवीस घरी जाऊन बसलास, दादा. वर यायला सोळा पायऱ्या होत्या."

बाबांनी दोन्ही हातांनी काकांचा हात धरला. "चुकलो मी," ते म्हणाले, आणि हे त्यांनी हळू म्हटलं नाही, पाळकसाहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. "चुकलो. माफ कर मला."

काका उठले. कोट काढून बाकावर ठेवला, बाह्या वर सारल्या आणि मधल्या वाटेनं चालत पडद्यामागे गेले. बाबा डोळे पुसत ऑर्गनवर बसले. कोणतं गीत, ते त्यांनी सांगितलं नाही. टाच आपटली. पडद्यामागून टकटक आली, आणि बाबांनी आजीचं गीत सुरू केलं. अकरा वर्षांत ते आमच्या चर्चमध्ये कुणी लावलं नव्हतं.

शेवटच्या कडव्याच्या मध्यावर, बरोबर त्याच जागी, आवाज थांबला. हवा होती, भाता चालू होता, पण बाबांची बोटं उचलली गेली होती. बाबांनी तोंडावर दोन्ही हात धरले होते. मंडळी थांबली. आणि पडद्यामागून, कुणी न विचारता, टकटक आली. थोड्या वेळानं परत आली. तिसऱ्या टकटकीला बाबांनी हात खाली घेतले आणि पट्ट्यांवर ठेवले. कडवं पुरं झालं.

भाषण झालं नाही. ते कागद बाबांच्या आतल्या खिशातच राहिले. मानपत्र पाळकसाहेबांनी बाबांना दिलं, पण चोरीचा उल्लेख असलेलं मानपत्र पुढच्या वेळी छापू, असं म्हणत दिलं. बाहेर आल्यावर काका सवयीनं आईजवळ थांबले. "वहिनी, त्याला सांगा, मी जात नाही."

"टपाल बंद आहे," आई म्हणाली.

काका वळले. बाबा तीन हातांवर उभे होते. "जात नाही मी," काका म्हणाले.

"मग ट्रंक कशाला बांधलीस? जिना सगळा ओरखडलाय."

"तुझ्या घड्याळांची खोकी जिन्यात असतात म्हणून."

"खोकी भिंतीला आहेत!"

"भिंतीला? वाटेत आहेत!"

घरापर्यंत हे चाललं होतं. जिन्यावरून झालं, मग टाकीवरून झालं, मग चौथ्या गीताला हवा कमी पडली की बाबांनी घाई केली यावरून झालं, आणि जेवताना अकरा वर्षांच्या पावांवरून झालं, कारण बाबांना कडक पाव आवडतो आणि काकांनी कायम मऊ आणला होता. "तेव्हा सांगायचं होतंस," काका ओरडले. "तेव्हा बोलत होतो का आपण?" बाबा ओरडले. मोटर चर्चच्या माळ्यावर पडून आहे. फ्यूज बाबांच्या दुकानात, सुट्या चाकांच्या डबीत आहे.

आता आमच्या घरातून रोज असे आवाज येतात की रस्त्यावरचे लोक थांबतात. परवा इस्त्रीवाल्या मावशी दारात आल्या, काळजीनं म्हणाल्या, "फारच चाललंय का? येऊन बसू का संध्याकाळी?"

"नका बाई," आई म्हणाली. "आत्ता कुठे बरं चाललंय."